खिशातली बाटली

दारू सोडून नवऱ्याला दोन वर्षं झाली होती, पण तिच्या जिवाची धाकधूक काही सुटली नव्हती. कोरोनाच्या साथीत औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणून, त्यात कोरफडीचा गर घोटून ती घरीच सॅनिटायझर करायची. असलं बुळबुळीत कोण तोंडाला लावणार, अशी स्वतःची समजूत घालायची आणि रोज सकाळी छोटी बाटली भरून त्याच्या खिशात सरकवायची. उंबरा ओलांडला की तो जवळजवळ पळतच सुटायचा. तिला खिडकीतून सगळं दिसायचं. संध्याकाळी बाटली रिकामी यायची. लेकीला तेवढीच बाटली आठवडाभर पुरायची!

आज तो दारात चपला काढतोय तोवरच तिने त्याच्या खिशात हात घातला. बाटलीत थेंब नव्हता. तिने सरळ त्याच्या तोंडाला नाक लावलं.

"वास कसा येत नाही? पेपरमिंट चघळलंत ना?"

"नाही गं."

"मग जातं कुठे एवढं? माझ्या गळ्याची शपथ आहे, खरं सांगा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. साबणाने धुऊन धुऊन त्यांना भेगा पडल्या होत्या.

"मी ते लावतच नाही. दिवसभर खिशात बाळगायची अजून छाती होत नाही माझी. गल्लीच्या टोकाला गटार आहे ना, तिथे ओतून टाकतो." मग मान खाली घालून म्हणाला, "तिथवर पळत जातो."