ओठ मिटले की नवा शब्द

मास्तरांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, तोंडावर नीट उजेड येईल असे बसले आणि बायकोला समोर बसायची खूण केली. ती मटारच्या शेंगांचं ताट मांडीवर घेऊनच आली. यांचं काय किती वेळ चालेल, याचा नेम नसायचा.

तिचे कान हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी एक नवी भाषा रचायला घेतली. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. हातावर हात धरून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. नुसते ओठ बघून शब्द कुठे संपला नि कुठे सुरू झाला ते कळत नाही, खरी अडचण ती. म्हणून यांच्या भाषेत प्रत्येक शब्द ओठ मिटूनच सुरू व्हायचा, प, ब किंवा म असं काहीतरी. मधे मात्र ओठ मिटायला सक्त मनाई. हे सगळं बसवण्यात वर्षं गेली. तोवर कानही गेले.

मास्तर त्या भाषेतलं एक लांबलचक वाक्य बोलले आणि बोटं हलवून त्यांनी विचारलं, किती शब्द?

"सात," ती म्हणाली.

सातच होते. मास्तर खुर्चीतून उठलेच. पाटी ओढून त्यांनी भराभर लिहिलं, ‘जमलं! आता रोज थोडे अर्थ शिकू. मग हवं तेवढं बोलू.’

तिने वाचलं, छान आहे म्हणाली आणि पुढची शेंग सोलायला घेतली. मास्तर हिरमुसले. त्यांनी लिहिलं, ‘आवडलं नाही?’

"आवडलं की. तुमच्या डोक्याबद्दल कधी वाद होता?" ती जराशी हसली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे पुढचं ती उगाच मोठ्यांदा बोलली. "पण तुम्ही दार लावून हे करत बसायचात ना, तेव्हा मला ऐकू येत होतं हो. मी दार वाजवायचे, म्हणायचे, जरा बाहेर येऊन बसा. आणि तुम्ही आतून म्हणायचात, आलोच."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"आता तुमचा आवाज आठवू म्हटलं," ती म्हणाली, "तर तेवढं ‘आलोच’च आठवतं."