परतीचा दगड

रागिणीने दगड उचलला खरा, पण हात काही पुढे होईना.

समोर तिसरी गुहा होती. वर कपारीला आग्या मोहोळाची पोळी लोंबत होती, काळी, घमेल्याएवढी. खाली बघायची सोय नव्हती. कुरुंद्याच्या सपाट रानात वाढलेली पोर ती, तिला उंची म्हणजे माळवदाची शिडी तेवढी ठाऊक. इथे पाय ठेवायला वीतभर कडा, आणि नवरा सकाळपासून बेपत्ता.

प्रभूला पुण्यात नोकरी लागली आणि तिथेच हे खूळही लागलं. जिओकॅशिंग म्हणे. कुणीतरी डोंगरात डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, आणि दुसऱ्याने हातातल्या जीपीएस यंत्रात बघत तो हुडकायचा. डब्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. एवढ्यासाठी जीव टांगायचा! त्यात लग्नाला आलेल्या मित्रांनी डबा लपवला तो नेमका गोरेगावच्या पलीकडे, प्रभूच्याच गावच्या डोंगरात. मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

डब्यात ठेवायची वस्तू रागिणीनेच निवडली होती. गोरेगावच्या दुकानातली पिवळी प्लास्टिकची मोटार.

"हिचं एक चाक वाकडं आहे," प्रभू हसला होता. "कोण घेणार ही?"

"असू द्या. घेईल कुणीतरी," ती म्हणाली होती.

काल जेवताना सासरे सांगत होते. नामाजी म्हणजे जन्मभर त्याच डोंगरात मेंढरं वळलेला माणूस. "गुहेपाशी हाक मारायची न्हाई, पोरांनो. आतबी न्हाई, बाहेरबी न्हाई. आग्या उठला तर माणूस घरी येत न्हाई. आमी आधी आत दगड टाकतो. वटवाघळं उडाली तर गुहा मोकळी. आत माणूस असला तर तो मुकाट दगड परत फेकतो. आन् वटवाघळंबी न्हाई, दगडबी न्हाई..." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तर जनावर हाय. मागं फिरायचं."

प्रभूची मान यंत्रात. "हं," तो म्हणाला. "हं, आबा." कशाला हं, ते त्यालाच ठाऊक.

आज सकाळी डबा हुडकायला गेलेला तो दुपारी जेवायला येणार होता. दुपार सरली तरी आला नाही. मोबाईलला डोंगरात रेंज नाही. शेजारचा देवला माणसं आणि दोर आणायला गोरेगावला पळाला. नामाजी सुनेला घेऊन पायथ्यापर्यंत आले, तिथे त्यांचे गुडघे बसले.

"थांब, बाई. देवला येऊनच राहिला."

"दिवस कलला, मामा. मी जाते."

म्हाताऱ्याने अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "हाक मारू नको. काय बी झालं तरी."

पहिल्या गुहेत तिने दगड टाकला तेव्हा वटवाघळांचा लोट अंगावर आला. ती खडकाला चिकटून बसली, ओरडायचं राहून गेलं. दुसऱ्या गुहेतही तेच. मोकळी. म्हणजे प्रभू तिथेही नाही. आता ही शेवटची.

तिने डोळे मिटले आणि दगड फेकला.

आवाज आला नाही. आत वटवाघळांच्या लेंड्यांचा जाड, मऊ थर असावा, दगड त्यात गपकन गिळला गेला. एकही वटवाघूळ उडालं नाही. गुहेतून उग्र, आंबूस वास तेवढा येत होता. रागिणी थांबली. वरची पोळी मंद गुणगुणत होती.

दगड काही परत आला नाही.

आत खसफस झाली. काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं.

प्रभूने काल ऐकलंच नसेल तर तो एव्हाना हाका मारून मोकळा झाला असता आणि हा आग्या असा शांत लोंबला नसता. ऐकलं असेल तर दगड परत आला असता. कोणत्याही बाजूने बघितलं तरी आत जे हलत होतं ते प्रभू नव्हतं. आणि प्रभू आत असलाच, तर तो हलत नव्हता. हा विचार तिला पुरता करवेना. 'अहो' अशी हाक गळ्यापर्यंत आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हाक आत ढकलली.

सासऱ्यांनी सांगितलं होतं, मागं फिरायचं. रडत, खडक चाचपत तिने एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं.

टक्.

गुहेच्या तोंडाशी काहीतरी येऊन आदळलं. उताराच्या खडकावरून ते तिच्याकडे घरंगळत यायला लागलं, तेही सरळ नाही, लंगडत, एका अंगाला ओढ घेत. रागिणीच्या चपलेला लागून ते थांबलं.

पिवळी मोटार होती. वाकड्या चाकाची.

त्याला उठता येत नसावं, त्या मऊ काळोखात चाचपून हाताला दगड गवसला नसेल, म्हणून जे होतं ते फेकलं होतं. मुकाट. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वर आग्या शांत होता.

काल जेवताना प्रभूची मान यंत्रात होती, पण कान आबांपाशी होते तर.