तिसऱ्या मजल्यावरची बाई

रत्नागिरीतल्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहिलेली विशाखा घरी आली आणि मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली. शेजारी लेक अक्षया मोबाइलवर गेम खेळत होती. राक्षस मारून दमलेला तिचा वीर नव्या तलवारीसाठी पाचमजली दुकानात शिरला. तिसऱ्या मजल्यावर काउंटरमागे एक बाई हसतमुखाने उभी होती. "ही कधी बसत नाय गो?" विशाखाने विचारलं. "तिला खुर्चीच दिलेली नाय, आई." "मग तू दे की एक." अक्षयाने चौथ्या मजल्यावरून खुर्ची विकत आणली आणि काउंटरमागे ठेवली. बाई तरीही उभीच. "या, काय दाखवू?" तिने वीराला विचारलं. "बघ, बसतच नाय ती," अक्षया हसली. विशाखाने पाण्यातच टाचेवर टाच घासली. "गिऱ्हाईक समोर असताना ती कशी बसेल, बाय? तू आधी तिथनं बाहेर हो बघू."