न भुंकणारी पिल्लं

आजारी आईला जरासाही आवाज सहन होईना आणि कुत्र्यांचा लळा काही सुटेना. म्हणून लेकीने न भुंकणाऱ्या बसेंजी जातीची दोन पिल्लं ठरवली. "एकाच वेताची घे गं, भावंडांची ताटातूट नको," आईने बजावलं.

पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबायचं होतं. आई तेवढी थांबली नाही.

तरी लेकीने आईच्या पलंगाच्या जागी मऊ चादरी अंथरल्या, शेजारी दोन वाडगे मांडले. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात पिल्लंवाल्याचा फोन आला.

"घेऊन जा ताई! इतकी गुणी आहेत, घरात कुत्री आहेत हे कळायचंसुद्धा नाही."

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला.


"भुंकणारं नाही का हो एखादं?"