बारीक रवा

रुबीनानं शेवटचा ठोका दिला आणि लाकडी हातोडी खाली ठेवली. सागाची पेटी उभी राहिली. एक खिळा नाही, फेविकॉलचा थेंब नाही. चारही कोपऱ्यांत कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत बसलेले. ठोके थांबले तशा अंगणातल्या कोंबड्या धावतच दुकानात शिरल्या.

"आल्या बाप्पा तुह्या पाहुण्या," तिचे अब्बा, गुलाम नबी मिस्त्री, म्हणाले.

बोरी अरबच्या या दुकानाचा कायदाच तसा. नवी पेटी चिकटवायच्या आधी तळाला कागद अंथरून बारीक रव्यानं भरायची आणि हलवायची. सांध्यातून रवा गळला तर पेटी खोलायची, सांडलेला रवा कोंबड्यांचा. नाही गळला तर घरात शिरा. रुबीनाच्या आधीच्या पाच पेट्यांनी कोंबड्या चांगल्या गुबगुबीत केल्या होत्या.

आज तर नागोराव मास्तर विहारातल्या ग्रंथांसाठी पेटी न्यायला येऊनच बसले होते. ही टिकली तर विहारात रुबीनाच्या हातची पेटी जाणार. नाहीतर अब्बांनी स्वतःची एक करून ठेवली होती म्हणे, तिकडे भिंतीशी, पोत्याखाली. रुबीनाची नजर सारखी त्या पोत्याकडे जात होती.

"पाहा मास्तर, हे पटाशी!" अब्बांनी तिचं नवं हत्यार उचललं. मोबाईलवरून मागवलेलं, दोन्ही बाजू घासून पातळ केलेलं. "गालच नाही इले. कांदे कापाले बरी."

"तुमच्या पटाशीचे जाडे गाल कोपऱ्यात घुसत नाहीत, अब्बा. दात ठेचून टाकतेत. तेथूनच रवा गळते."

"माह्या हातून काहून नाही गळत मंग?"

"तुमच्या हाताले चाळीस वर्षं झाले. माह्या हाताले सहा महिने."

मास्तर खो खो हसले. अब्बांनी रव्याचा डबा पेटीत रिकामा केला.

पेटी उचलली. हलवली. कोंबड्यांनी माना वर केल्या. अब्बांनी एकेक कोपरा खाली धरून वरून थापा मारल्या. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी ते वाकले, सांध्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. बोट स्वच्छ होतं.

"किती सांडला वो?" आतून रुबीनाची अम्मी, जैबुनबी, ओरडल्या. "घरात आता चिमूटभर रवा नाही राह्यला!"

अब्बांनी घसा खाकरला. "तूप हाये का घरात?"

आतून कढई दणकन चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. रुबीना हसायला लागली आणि तिचे डोळेही भरले.

"मिस्त्री, तुमची पेटीही देऊन टाका," मास्तर म्हणाले. "पुस्तकं वाढलीत आमची."

"ते राहू द्या," अब्बा घाईनं म्हणाले. पण रुबीनानं पोतं उचललंसुद्धा.

पेटी नव्हतीच. एका खोक्यात बारीक रवा होता, चांगला पाच किलो.

अब्बा कोंबड्यांना हाकलायला लागले. "तुही पेटी जमेपर्यंत मास्तर थांबले असते," ते म्हणाले.