कपाटाला लागलेलं परकं कुलूप

किल्ली कुलपात शिरतच नव्हती. लाइल टॉस्ट्रुडने ती उलटी करून पाहिली, फुंकर मारून पाहिली, मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. किल्ली त्याचीच होती. कुलूप त्याचं नव्हतं.

तळघरातलं ते लाकडी कपाट त्याने स्वतःच्या हातांनी बनवलं होतं. काडतुसं घरी भरणाऱ्याने बंदुकीची दारू लोखंडी तिजोरीत कोंडून ठेवू नये, आग लागली तर तिजोरीचा बॉम्ब होतो, लाकडी कपाट नुसतं जळून जातं, हे तो भेटेल त्याला सांगायचा. दारूचे डबे मूळच्या लेबलासकट. ठिणगी पाडणाऱ्या काडतुसाच्या टोप्या लांब, समोरच्या भिंतीपाशी. आणि काम करताना टेबलावर एका वेळी एकच डबा. त्याच्या या सोवळ्याओवळ्याला मॉन्टॅनातले त्याचे शिकारी दोस्त हसायचे, आणि काडतुसं मात्र त्याच्याकडूनच भरून न्यायचे.

शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. नात ब्रिटा यंदा बारा वर्षांची, म्हणजे परवान्याच्या वयाची झाली होती, तेव्हा हे तिचं शिकारीचं पहिलं वर्ष. टॉस्ट्रुडांच्या घरात पहिली शिकार आजोबांनी भरलेल्या काडतुसानेच करायची असते. लाइलने तशीच केली होती, त्याच्या लेकीनेही. आता ब्रिटाची पाळी आली, तर कोणीतरी कपाटालाच कुलूप ठोकून गेलं होतं.

कोणीतरी कशाला, जनेलच. लेक हल्ली सारखी त्याच्या मागे असायची. बाबा, गॅस बंद केलास का, औषध घेतलंस का. एकदा तो गाडी दुकानासमोर विसरून चालत घरी आला, तर त्याचं तिने केवढं भांडवल केलं होतं! लाइल तणतणत रस्ता ओलांडून समोरच्या मर्ल हौगेनकडे गेला. मर्ल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो स्वयंपाकघरात बसून हरणाच्या सॉसेजचे तुकडे करत होता.

"तुझी ती मोठी कातर दे. कुलूप तोडायचंय."

मर्लने वर पाहिलं नाही. उठून त्याने दुसऱ्या कपात कॉफी ओतली, साखर घातली. "आधी बस."

"बसतोय कसला! माझ्याच लेकीने, माझ्याच घरात..."

"तिने नाही लावलं. किल्ली माझ्याकडे आहे. आणि मी ती तुला देणार नाही."

लाइलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्याकडे? लेका, नदीतल्या बर्फातून ओढून काढला तुला, ते याच्यासाठी? पोरीचं पहिलं वर्ष आहे, मर्ल! जनेलने विकत घेतलं तुला. आणि तेही कशावर, तिच्या हातच्या एका अ‍ॅपल-पायवर! निदान दोन तरी मागायचे होतेस!"

मर्लने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जुना मित्र एवढा चिडला होता, पण तोंड फिरवून निघून गेला नव्हता, याचंच त्याला बरं वाटत असावं.

"झालं? आता ऐक. मार्चमध्ये एक माणूस याच खुर्चीत येऊन बसला. त्याला टेबलावर दारूचे दोन डबे उघडे सापडले होते. दोन वेगळ्या जातींचे. काडतुसाच्या कुठल्या पुंगळीत कुठली दारू गेली, ते त्याला सांगता येईना. त्याने भरलेलं सगळं उपसलं आणि बागेत पसरून टाकलं. म्हणाला, मर्ल, हे पोरीच्या बंदुकीत गेलं असतं, तर बंदूक तिच्या तोंडावर फुटली असती. नवं कुलूप त्यानेच घरी लावलं, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाला, एक दिवस मी येईन, तुला नाही नाही ते बोलेन. तरी देऊ नकोस."

"कोण असा..." लाइल म्हणाला, आणि थांबला.

"तू," मर्ल म्हणाला.

लाइल खाली बसला. त्याने कप हातात धरला, पण प्यायला नाही. मार्चमधलं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ना डबे, ना कुलूप. डोळ्यांसमोर आली ती फक्त ब्रिटा, बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवून एक डोळा मिटलेली. आज ती किल्ली फिरली असती तर?

"मी याआधीही आलो होतो इथे?"

"एकदोनदा. पण तेव्हा शिव्या जास्त दमदार होत्या."

लाइलला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. मर्लने हात पुसले आणि खुंटीवरचं जाकीट घेतलं.

"चल. किल्ली देणार नाही म्हणालो, उघडणार नाही असं कुठे म्हणालो? डबा मी काढतो, दारूचं वजन मी बघतो. काडतूस दाबायच्या यंत्राचा दांडा तू ओढ. काडतूस आजोबांनीच भरायचं."

लाइल उठला. दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवून तो दारापर्यंत आला. त्याला खूप बोलायचं होतं. मर्लचे उपकार तर होतेच, ते या जन्मी फिटणारे नव्हते. पण आणखी एका माणसाचे फेडायचे राहिले होते.

"तो मार्चमधला माणूस," तो म्हणाला, "मला काही तो आठवत नाही. पण माझी पोर वाचली ती त्याच्यामुळे. परत कधी आला, तर त्याला माझे आभार सांग."