बुडायची शिकवणी

"हात मारायचे, पाय झाडायचे आणि बोंब ठोकायची," दिग्दर्शक म्हणाला. "एवढंच तर करायचंय, आत्या."

"मी करणार नाही," आत्या म्हणाली आणि पोहण्याच्या तलावाच्या काठावर फतकल मारून बसली. अंगात कप्तानाचा लांब कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. बाई पासष्टीची, पण त्या वेषात कुणाचं ऐकून घेईल असं वाटत नव्हतं. वेष उतरवल्यावरही ती ऐकत नसे, तो भाग वेगळा.

भाच्याने चॅनेलसाठी चाचे, जलपऱ्या आणि देवमासा असा सगळा मसाला घालून एक समुद्री पिक्चर काढला होता. बजेट तुटपुंजं. जहाज प्लायवूडचं, देवमासा ट्रकच्या ट्यूबांचा, आणि समुद्र म्हणजे हाच तलाव, तोही एका दिवसापुरता मिळालेला. पिक्चर टीव्हीवर लागला आणि प्रेक्षकांनी त्याची पार सालटी काढली. 'समुद्राच्या तळाशी बाथरूमच्या फरश्या दिसतात.' 'देवमाशाचं पंक्चर काढून घ्या.' इथवर तोही हसला. पण निम्म्याहून जास्त लोक एकाच सीनवर तुटून पडले होते. वादळात कप्तानीण बुडते, तो सीन. 'बाई बुडतेय की आंघोळीला बसलीय?' 'हूं नाही की चूं नाही. बुडणारा माणूस असा गप्प असतो का?' 'तीस वर्षं नाटकात काढलेल्या बाईंना साधं बुडता येत नाही.'

चॅनेलच्या साहेबांनी ही सगळी मतं छापून त्याच्यापुढे ठेवली. तो सीन शुक्रवारपर्यंत नव्याने काढून दिलास, तर पिक्चर पुन्हा दाखवू आणि दुसरा भागही तुलाच देऊ. नाहीतर नमस्कार. नऊ वर्षं त्याने दुसऱ्या दिग्दर्शकांच्या खुर्च्या उचलल्या होत्या. ही पहिली खुर्ची स्वतःची होती आणि ती त्याला काही झालं तरी सोडायची नव्हती.

"लोकांचंही चुकत नाही, आत्या. त्या दिवशीच मी तुला म्हटलं होतं, जरा थंड पडलीस."

"म्हणाला होतास. लक्षात आहे."

"मग?"

"मग काय? त्याहून खरं मला येत नाही. हसणाऱ्यांना हसू देत. लोकांच्या मताने चालले असते, तर पहिल्याच नाटकानंतर घरी बसले असते."

"तुझ्या हट्टापायी माझा दुसरा भाग जाईल," तो चिडून म्हणाला. आत्या पाण्याकडे बघत राहिली.

शेवटी त्याने पोहण्याच्या मास्तरांना पुढे केलं. बाईंना नीट बुडायला शिकवा, म्हणाला. मास्तर चाळीस वर्षं याच तलावावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते; शूटिंगच्या दिवशी तेवढी त्यांना सुट्टी होती. त्यांना हसू आलं. "लोक माझ्याकडे उलटं शिकायला येतात. बघू, आधीचं दाखवा."

दिग्दर्शकाने फोनवर तो सीन लावून दिला. मास्तर हसत हसतच बघायला लागले. अर्ध्यावर त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी सीन परत लावायला सांगितला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

"डोकं मागे गेलंय," ते पुटपुटले. "तोंड वर येतंय, आत जातंय. हात नुसते पाणी खाली दाबतायत. पाय हलतच नाहीत." मग त्यांनी मान वर केली. "बाईंना बाहेर कुणी काढलं?"

"म्हणजे?"

"अहो, हे नाटक नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कशाने? आयुष्यात नऊ जणांना मी असं पाहिलंय. यांना काढलं कुणी?"

दिग्दर्शकाला तो दिवस आठवला. झाडून सगळी माणसं प्लायवूडच्या मागे जहाज हलवत होती. तो स्वतः मॉनिटरपुढे बसून भोंग्यातून सांगत होता, चालू दे, अजून थोडं.

"कुणी नाही," आत्याच म्हणाली. "बुटांत पाणी भरलं. खाली गेले, तळ लागला, लाथ मारली आणि शिडी धरली."

तो तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसला. "तो सीन मी कापून टाकतो," तो म्हणाला. "पिक्चरच नको मला."

"खबरदार. तुझ्या अख्ख्या पिक्चरमध्ये खरी गोष्ट एकच आहे, तीही कापायला निघालास? साहेबांना कळव. लावायचा तर आहे तसा लावा म्हणावं, नाहीतर ठेवा कपाटात."

त्याने तिथूनच फोन केला. साहेब बराच वेळ बोलत होते. याने मधे मधे फक्त 'नाही' म्हटलं. दुसरा भाग गेला, हे त्याला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. त्याने आत्याचा एक बूट ओढून काढला, मग दुसरा.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तलाव एका दिवसापुरता होता. तू शूटिंग बंद केलं असतंस."

"पण पाण्यात असताना तरी..." त्याने हातातला बूट खाली ठेवला. "मी दहा पावलांवर होतो, आत्या."

आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"आवाज फुटला असता, तर पहिली हाक तुलाच मारली असती, वेड्या."